एकविसावा नमुना

शालनमावशींच्या हातात काहीही पातळ आलं की त्या आधी ते ढवळत. चहा असो, आमटी असो, खोकल्याचं औषध असो. एकदा ऑफिसात सुहासच्या वाढदिवसाला कोकम सरबत आणलं होतं, तर त्यांनी स्वतःचा पेला ढवळलाच, वर सुहासचा आणि माझाही ओढून घेऊन ढवळून दिला. "न ढवळता तोंडाला लावलं तर वरचंच कळतं," त्या म्हणत, "खाली काय बसलंय ते कळत न्हाई." कामथडीच्या दूध संस्थेत अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आधी दूध खालीवर करायचं, मग नमुना घ्यायचा, मग फॅट किती ते सांगायचं. वरवरचा नमुना घेतला तर नुसती साय हाताला लागते आणि पाणचट दूधही कागदावर झकास दिसतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बारावीच्या सुट्टीत. भोरहून मामाकडे कामथडीला गेलो होतो. मामा संस्थेचा चेअरमन. सकाळी त्याच्याबरोबर किटली घेऊन डेअरीवर गेलो, तर टेबलामागे ठेंगणी, पदर खोचलेली एक बाई. तिने किटली ढवळली, नमुना काढला, लॅक्टोमीटर सोडला आणि किटली शांतपणे बाजूला सारली.

"अगं शालन, घे की. घाई हाय," मामा म्हणाला.

"चेअरमनसायेब, म्हस तुमची, नियम बी तुमीच क्येलेला. दूद घरी न्या."

मागे रांगेत वीसेक माणसं होती.  मामा आला तसा किटली घेऊन परतला. संध्याकाळी मामीला एवढंच म्हणाला, की सकाळी किटली विसळली त्याचं पाणी तळाला राहिलं होतं, बाईचं बरोबर होतं.

पुढे मी आणि सुहासने भोरला, एसटी स्टँडपासून जवळच, खतांच्या दुकानाच्या माडीवर व्हिडिओ गेम बनवायला सुरुवात केली. लोकांना हे अजून खरं वाटत नाही. "हितं?" असं विचारतात. हो, तिथंच. आमचा खेळ भातलावणीचा होता. वेल्ह्याकडच्या डोंगरउतारावरची खाचरं, धुकं, डोक्यावर इरलं. मोबाईलवर नाही, संगणकावर आणि टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर खेळायचा. खेळ ठीकठाक चालला. मग आम्ही त्यात इर्जिक आणली. म्हणजे दोघांनी खेळायचं: आधी दोघांनी मिळून एकाचं खाचर लावायचं, मग दुसऱ्याचं. ती लोकांना फारच आवडली.

तपासणीला माणूस टिकेना, ही आमची अडचण होती. पुण्याहून आणलेली दोन मुलं दोन महिन्यांत पळाली. काम होतंच तसं. एकच गोष्ट शंभरदा करायची आणि शंभरही वेळा पहिल्यांदाच करतोय अशा नजरेने बघायची. मला मामाची किटली आठवली. संस्थेत तोवर नमुना घेणारं यंत्र आलं होतं आणि शालनमावशी घरी बसल्या होत्या. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला. "खोट सापडली तर सांगायची का गप बसायचं?"

"सांगायची," मी म्हणालो.

"मग येती."

त्या रोज सकाळी एसटीने भोरला यायच्या. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून कन्सोलवाल्या कंपनीचे नियम मी त्यांना मराठीत करून दिले. चाळीसच्या वर कलमं होती. हातातला रिमोट बंद पडला तर खेळ थांबला पाहिजे. खेळ जतन होत असताना पडद्यावर खूण दिसली पाहिजे. दुसरा खेळाडू मधेच उठून गेला तर पहिल्याचं नुकसान होता कामा नये. मावशींनी ती सगळी स्वतःच्या हाताने रजिस्टरात उतरवली, पुढे नमुना क्रमांक, निकाल आणि सहीचा रकाना आखला. मी या नियमांना शिव्या घालायचो. संगणकावर आमची दुरुस्ती चहा संपायच्या आत लोकांपर्यंत पोचायची. कन्सोलवर मात्र साधा पॅचसुद्धा आधी कंपनीकडे पाठवायचा, तिथली माणसं तो तपासणार, आठवडा जाणार, आणि एका कलमात जरी नापास झाला तरी सगळा परत. मग पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. मावशी पॅचला ठिगळ म्हणत. मी कुरकुरलो की म्हणत, "चिलिंग सेंटरवाल्यानं आपला कॅन हुंगला म्हनून कवा राग आला न्हाई मला. पुडं त्येच्या टँकरात साऱ्या गावांचं दूद असतंय."

आणि तरीही आम्ही चुकलो. ती चूक आमच्याच मातीतली होती. खेळ बनवताना मी वेल्ह्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं होतं, की इर्जिकीतून मधेच कुणी उठून गेलं तर? तो हसला. "इर्जिकीतनं कोन उठतंय? मग त्याच्या खाचरात कोन जाईल?" हे उत्तर मला इतकं पटलं, की माणूस मधेच उठेल असं माझ्या डोक्यातच राहिलं नाही. दुसरा खेळाडू उठून जाण्याचं ते एकतिसावं कलम मावशींनी तपासलं होतं, पण खेळ सुरू व्हायच्या आधीच्या पडद्यावर. खुद्द लावणी चालू असताना नाही. त्यांनाही ते अशक्यच वाटलं होतं. कंपनीच्या तपासणाऱ्यांनाही ते सापडलं नाही, आणि इर्जिक लोकांच्या घरात पोचली.

मग नागपूरहून एका गृहस्थांचा मेल आला. ते नागपुरात, मुलगी नोकरीसाठी बंगळुरात. दर रविवारी दोघं इंटरनेटवरून मिळून आमची लावणी करत. त्या रविवारी दाराची बेल वाजली, वडील रिमोट ठेवून उठले, रिमोट आपोआप बंद झाला. नेमका त्याच क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात छोटा विळा फिरत होता. आमच्या खेळात विळा फिरतो म्हणजे खेळ जतन होत असतो. वडील परत आले तर अकराच्या अकरा खाचरं रिकामी. पाच महिन्यांचे रविवार गेले होते.

मावशींनी तो मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "माजी बी चूक हाय," त्या म्हणाल्या. "म्या ढवळलं न्हाई. वरचंच घेतलं."

संगणकावरची दुरुस्ती आम्ही त्याच दुपारी सोडली. कन्सोलची गोष्ट वेगळी होती. त्यातच कन्सोलच्या दुकानात सणाचा सेल लागणार होता, दीड आठवड्याने, शुक्रवारी. आमच्या खेळाचं चित्र पहिल्याच पानावर येणार होतं. आजवर जितके लोक आले त्याच्या कितीतरी पट नवे लोक त्या चार दिवसांत येणार, दोघंदोघं खेळणार, आणि कुणाच्या ना कुणाच्या दाराची बेल वाजणार. पॅच त्याआधी पोचायला हवा होता. त्यासाठी तो येत्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा, आणि एकाच फेरीत पास व्हायला हवा होता. दुसऱ्या फेरीला वेळच नव्हता.

गुरुवारी दुपारी तीनला दुरुस्ती तयार झाली. मावशी एक रिमोट घेऊन बसल्या, दुसरा सुहासकडे. विळा फिरायला लागला की सुहासने रिमोट बंद करायचा. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी खेळ थांबत होता, जोडीदार उठल्याची पाटी येत होती, खाचरं शाबूत. मावशी दर वेळी रजिस्टरात "पास" लिहीत होत्या, सावकाश, अक्षर वळवून. मी मागे येरझाऱ्या घालत होतो. दहा झाले. पंधरा झाले. वीस झाले तेव्हा मी म्हणालो, "झालं मावशी, बंद करा."

"आनि एक," त्या म्हणाल्या.

एकविसाव्या वेळी पाटी आली नाही. खाचरं रिकामी झाली.

सुहासने रिमोट खाली ठेवला. मावशींनी "नापास" लिहिलं. साडेचार वाजले होते.

"वीस वेळा चाललंय ना?" मी म्हणालो. "तिथला माणूस दोनदा बघेल, तीनदा बघेल. त्याला नाही सापडणार."

"त्येला न्हाई सापडनार. पन हाय न्हवं?"

"हे दुरुस्त करायला दोन दिवस लागतील. आजची वेळ चुकली की सेल हुकला. आत्ता लोकांचं दर वेळी जातंय, मग विसातून एकदा जाईल. हे बरं नाही का?"

"बरं हाय की. मी कुटं पाटवू नगं म्हंते?" त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. "त्या कागदात खाना असतोय न्हवं, म्हाईत असलेली खोट लिवायचा? तितं लिव. सांगून पाटव. डेअरीत आंबलेलं दूद आलं तर मी येगळ्या कॅनात वतायची आनि चिट्टी लावायची. सांगितलं की सेंटरवाला त्येचं काय तरी करायचा. लपवलं की सगळा टँकर जायाचा."

तो रकाना खरंच होता. त्यात लिहिलं तर कंपनी कधी सवलत देते, कधी पॅच सरळ परत पाठवते. मला त्या "कधी"ची भीती वाटत होती. आणि मी ओरडलो. आईच्या वयाच्या बाईवर ओरडलो. "मावशी, ही डेअरी नाही!"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "व्हय, डेअरी न्हाई. तितं दूद गेलं तर म्हस दुसऱ्या दिशी परत देती."

साडेपाचची एसटी होती, त्या निघाल्या. सुहास नवा पॅच चढवायच्या खटपटीत होता, फॉर्म माझ्याकडे होता. तपासणाऱ्याचं नाव: तिथं मी शालनमावशींचं पूर्ण नाव लिहिलं, नेहमी तेच असायचं. माहीत असलेल्या त्रुटी: तिथं मी "नाहीत" असं लिहिलं आणि बटण दाबलं. हे लिहायला मला फार विचार करावा लागला असं नाही. तसं सांगितलं तर मी आहे त्याहून बरा वाटेन.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "लिवलंस न्हवं खान्यात?"

"हो," मी म्हणालो.

त्यानंतरचे पाच दिवस मी नीट जेवलो नाही. दर दहा मिनिटांनी मेल उघडायचा. पॅच परत आला तर सेल बुडाला, आणि का परत आला हे मावशी विचारणार. पास झाला तर? त्याचा विचार मी करत नव्हतो. एकदा खाली ट्रकमधून खताच्या गोण्या उतरवत होते, त्या आवाजाने दचकून माझ्या हातून कप सांडला. मावशी म्हणाल्या, "अमोल, जिवाला लावून घेऊ नगंस. आपन खरं सांगितलंय. परत पाटवलं तरी मान वर करून दुरुस्त करू." त्यांना वाटत होतं मी निकालाला घाबरलोय.

बुधवारी दुपारी निकाल आला. पास.

सुहासने पेढे आणले. मावशींनी पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला, आणि इतक्या खुलून हसल्या की तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "बग! सांगितलं तरी घेतलं का न्हाई? उगा भेत हुतास."  तो अर्धा पेढा मी तसाच तोंडात धरून बाहेर गॅलरीत गेलो.

शुक्रवारी सेल लागला. शनिवारी सकाळी पहिला मेल आला, दुपारपर्यंत मेलचा डबा भरला. विसातून एकदा म्हणजे थोडं, असं मला वाटलं होतं. पण खेळणारे हजारोंनी आले तेव्हा ते थोडं राहिलं नाही. त्यात नागपूरचे गृहस्थही होते. आमच्या दुरुस्तीवर विश्वास ठेवून, रविवारची वाट न बघता रोज रात्री बसून बापलेकींनी पुन्हा तीन खाचरं लावली होती. तीही गेली. आणि पॅच मागे घ्यावा म्हटलं तर तेही जमत नव्हतं. मागे घेणं हासुद्धा कन्सोलवर नवा पॅचच, तोही रांगेत उभा राहूनच जाणार.

सोमवारी कंपनीचा मेल आला. सुहास तो मावशींसाठी मोठ्याने मराठीत सांगू लागला. फॉर्म त्याने पाहिलेलाच नव्हता. "ते म्हणतायत, तुमच्या तपासनीस शालनबाई यांनी कोणतीही त्रुटी माहीत नाही असं कळवलं होतं, त्यांच्या नोंदी पाठवा..." आणि तो थांबला.

 मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"माजं नाव घातलंस?"

"हो."

"आनि खान्यात?"

"काही नाही म्हणून लिहिलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अठ्ठावीस वर्षं गावातल्या एकेका किटलीच्या चिठ्ठीवर त्यांची सही होती आणि त्या सहीसाठी त्यांनी चेअरमनला रांगेतून परत पाठवलं होतं. तीच सही मी एका बटणात वापरून टाकली होती.  त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. "वाच एकेक पत्र. उत्तरं मी देती."

"मावशी, चूक माझी आहे. मी देतो."

"नाव माजं हाय कागदावर. लोकांस्नी तेच ठावं."

दोन दिवस त्या सांगत होत्या आणि मी इंग्रजीत करून टाइप करत होतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर. आरंभ मात्र एकच: तुमचं शेत माझ्या तपासणीतून गेलं, मी शालन, मी माफी मागते. चौथ्या की पाचव्या पत्राला मला पुढचं दिसेनासं झालं, डोळे भरून आले. मी म्हणालो, निदान या एका ठिकाणी माझं नाव लिहू द्या. त्या म्हणाल्या, "तुजं दुसऱ्या ठिगळावर घाल."

दुसरा पॅच तयार झाला तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं, रिमोट माझ्या हातात दिला आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. साठ वेळा. साठही पास. सहीच्या रकान्यात माझी सही. फॉर्मबरोबर मी रजिस्टरच्या त्या जुन्या पानाचा फोटो जोडला, एकविसाव्या नमुन्यापुढे "नापास" लिहिलेला, आणि खाली काय लपवलं आणि कुणी लपवलं, हे स्वतःच्या नावाने लिहिलं. कंपनीने पॅच रांगेतून पुढे काढला, तीन दिवसांत सोडला. पण सेल संपला होता, आणि गेलेली खाचरं कुणालाच परत मिळाली नाहीत. नागपूरच्या गृहस्थांचं दोन ओळींचं उत्तर आलं. शालनबाईंचा राग नाही, पण आम्ही आता रविवारी नुसतंच फोनवर बोलतो.

त्यानंतर मावशी महिनाभर आल्या. मग एक दिवस म्हणाल्या, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, गुडघे दुखतात. गुडघे दुखत होतेच. पण रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवताना त्या म्हणाल्या, "आता नमुना तू घेत जा," आणि मला कळायचं ते कळलं. मी थांबवलं नाही. कोणत्या तोंडाने थांबवणार होतो?

यंदा पौषात त्या गेल्या. त्याच्या पंधरा दिवस आधी मामाचा फोन आला, की शालन अंथरुणाला खिळलीय, येऊन जा. मी कामथडीला गेलो. खूप वाळल्या होत्या. सुनेने त्यांना उशी देऊन बसवलं, आम्हा दोघांना चहा दिला. मावशींनी आपल्या कपात चमचा फिरवला. मग हात लांब करून माझाही कप ओढला आणि तोही ढवळू लागल्या.

"एकविसाव्यांदा बगतोस का?" त्यांनी विचारलं.

हो म्हणायला काही लागलं नसतं. मरणाच्या दारातल्या बाईला बरं वाटलं असतं. मागच्या वेळी, खान्यात लिहिलंस का असं त्यांनी विचारलं तेव्हा, असंच काहीसं मनाशी म्हणूनच मी हो म्हणालो होतो.

"रोज नाही, मावशी," मी म्हणालो. "घाई असली की वीसवर थांबतो. तसं असलं की त्या खान्यात लिहितो, एवढंच बघितलंय म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, डेअरीच्या टेबलामागून बघायच्या तशा. मग चमचा बशीत ठेवला आणि कप माझ्याकडे सरकवला.

"पी आता," त्या म्हणाल्या.